चार्ज या शब्दाचे सोबती

१ डिसेंबर १९७०, मंगळवार

ही वही अरुंधतीबाईंनी दिली. म्हणाल्या, "सिंधू, रोज चार ओळी लिहीत जा, इंग्रजीत. हात वळेल." इंग्रजी दिवसभर पुरेसं होतं. इथे मी मराठीतच लिहिणार. त्यांना सांगणार नाही.

आज ‘केस’ संपला. एकाच शब्दाचे किती अर्थ. आजाऱ्याला केस म्हणतात, कोर्टातल्या मुकदम्याला केस, चष्म्याच्या डबीलाही केस. बाई म्हणतात, शब्द एकटा कधीच ओळखू येत नाही, त्याच्या सोबतीला कोण आहे ते बघावं लागतं. म्हणून आमचं पुस्तक. नाव त्यांनी ठरवून ठेवलंय, ‘इंग्रजी शब्द आणि त्यांचे सोबती’, मॅट्रिकच्या मुलांसाठी. बाई कॉलेजात शिकवायच्या तेव्हा मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर असे. आता त्या निवृत्त झाल्या आणि मी बी.ए. थर्ड क्लास, नोकरी नाही. त्यांनी घरी बोलावून घेतलं. रोज सायकलने धरमपेठेत जाते, त्या सांगतात, मी कार्डांवर लिहिते. कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवायची. एका डब्यात एक अक्षर. ‘सी’चा डबा अर्धा भरलाय.

माय म्हणते, "दिवसभर लिहितं तं लिहितं काय वं?" मी सांगितलं, शब्दांच्या जोड्या लावते. तिला पटलं. म्हणाली, "म्हणजे लग्न जुळवतं."

४ डिसेंबर, शुक्रवार

‘कॉज’ आणि ‘चान्स’ झाले.

मायला उजव्या डोळ्याने आता फक्त उजेड-अंधार कळतो. डाव्याने माणूस आलं एवढं दिसतं, कोण आलं ते आवाजावरून ओळखते. विड्या मात्र तशाच वळते, पानाची शीर बोटानेच शोधून. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू अजून पिकायचाय.

गल्लीतल्या बायका बुधवारी मोर्चा नेणार आहेत, विधानसभेच्या अधिवेशनावर. पानं-तंबाखू देऊन विड्या वळून घेणारा सट्टेदार त्या घेताना दर खेपेला मूठभर ‘खराब’ म्हणून बाजूला काढतो आणि त्याच नंतर विकतो, ते बंद व्हावं म्हणून. मायलाही जायचंय. मी म्हटलं, दिसत नाही तर कशाला जातेस? ती म्हणाली, "तिथं काय पाहाचं हाय मले? चालाचं तं हाय."

८ डिसेंबर, मंगळवार

शेजारच्या कांताबाईला आणि तिच्या सुनेला, नीलाला, सांगून ठेवलं की उद्या माय तुमच्या भरवशावर आहे. दोघींनी दोन बाजूंनी हात धरायचा. नीलाचं पोरगं आठ महिन्यांचं, ते तिच्या नणंदेकडे राहील. मीच जायला हवं होतं. पण बाईंना या आठवड्यात ‘चेंज’ संपवायचा आहे, छापखान्याला नमुन्याची पानं द्यायचीत. मी सुट्टी मागितली नाही.

१० डिसेंबर, गुरुवार

माय पोलिसांच्या ताब्यात आहे.

काल दुपारी चारला मी बाईंकडे ‘चेंज’ची शेवटची कार्डं लिहीत होते. घरी आले तर दाराला कुलूप, गल्लीत एकही बाई नाही. शेवटी लंगडत आलेल्या एका म्हातारीने सांगितलं. विधानभवनाच्या अलीकडे कठडे लावले होते. तिथे रेटारेटी झाली. कोणी म्हणतं दगड आधी आला, कोणी म्हणतं लाठी आधी उठली. एका शिपायाचं डोकं फुटलं. मग लाठीचार्ज झाला, बायका पळाल्या. मायला पळता येत नव्हतं. ती जिथे होती तिथेच बसून राहिली, म्हणून सापडली. तिच्यासोबत आणखी अकरा जणी, कांताबाई आणि नीलासुद्धा.

आज ठाण्याबाहेर सहा तास उभी होते. मायला लांबून पाहिलं. डाव्या मनगटाला फडकं बांधलेलं. मी हाक मारली. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, पण भिंतीकडे. मी दुसऱ्या बाजूला होते.

१२ डिसेंबर, शनिवार

सगळ्यांना जेलमध्ये नेलं. वकील मिळाले, मारोतराव म्हणून. कामगारांचे खटले फुकट चालवतात, बाराही जणींचं वकीलपत्र घेतलं. माणूस चांगला आहे, पण त्यांच्या टेबलावर कागदांचा एवढा ढीग की मागचं तोंड दिसत नाही. जामिनाचे अर्ज करायचे म्हणाले. सगळ्यांवर एकच आरोप, बेकायदा जमाव आणि दगडफेक. मी म्हटलं, माझ्या मायला दिसतच नाही, ती दगड कुणाला मारणार? त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट हाय?"

"आहे."

"मंग तुमच्या मायचा अर्ज वेगळा करू. तुम्ही काय करता?"

मी सांगितलं, इंग्रजी शब्दांचं काम करते. ते हसले. "माहा टायपिस्ट गावाले गेला. मॅजिस्ट्रेट साहेबाले इंग्रजी कागद आवडते. हकिकत तुम्हीच लिहून आणा सोमवारी. नीट लिहा."

बापाने मला शाळेत घातलं तेव्हा गल्ली हसली होती. तो गेल्यावर मायने विड्यांवर मला बी.ए. केलं. एवढ्या वर्षांत माझ्या शिक्षणाचा तिला काही उपयोग झाला नव्हता. आज होणार.

१३ डिसेंबर, रविवार

चार वेळा लिहिलं. दोन पानं झाली, मायच्याच तोंडची, ‘मी तुळसाबाई’ अशी सुरू होणारी. मोतीबिंदूचं लिहिलं, वय लिहिलं, नवरा नाही हे लिहिलं, आजवर कुणाशी भांडण नाही हे लिहिलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती एकटी कुठे जाऊच शकत नाही. त्या दिवशी ती दुसऱ्यांच्या हवाली होती, हे एका वाक्यात नीट यायला हवं होतं. ‘भरवशावर’ला शब्द सापडेना. शेवटी सुचला. ‘ऑन दॅट डे आय वॉज इन चार्ज ऑफ कांताबाई, नीला अँड अदर विमेन ऑफ अवर लेन.’ त्या दिवशी मी कांताबाई, नीला आणि गल्लीतल्या इतर बायकांच्या स्वाधीन होते. वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. कोर्टात शोभेल असं झालं आहे.

१४ डिसेंबर, सोमवार

मारोतरावांनी पहिलं पान वाचलं, "वा" म्हणाले, दुसरं उलटलं आणि सही केली. जेलरने मायचा अंगठा घेऊन कागद परत पाठवला.

१८ डिसेंबर, शुक्रवार

अकरा जणींना जामीन मिळाला. मायला नाही.

कसं झालं ते मला अजून कळत नाही. मारोतराव छान बोलले. मोतीबिंदूचं सर्टिफिकेट साहेबांनी स्वतः वाचलं, मानही हलवली. मग सरकारी वकील उठले. म्हणाले, या बाईने दगड मारला असं आम्हीही आता धरत नाही. पण मारायला लावणारा स्वतः दगड मारत नसतो. मग माझाच कागद हातात घेऊन त्यातलं एक वाक्य वाचलं, माझंच, आणि म्हणाले, आरोपी स्वतः कबूल करते की या बायकांची म्होरकी ती होती.

मी उभी राहिले. शिपायाने खाली बसवलं. साहेबांनी वाक्य पुन्हा वाचलं आणि मारोतरावांकडे पाहिलं. मारोतराव कागद चाळत राहिले. असा चांगला, सरळ कागद त्या माणसाने उलटा फिरवला. वकिलांना येतं ते.

माय पिंजऱ्यात उभी होती. बाकीच्या बाहेर गेल्या, त्यांच्या पावलांचा आवाज थांबला, तरी ती आपली उभीच. तिला वाटलं असेल, आपलं नाव अजून यायचं आहे.

१९ डिसेंबर, शनिवार

बाईंकडे गेले. काल काय झालं ते सांगितलं. त्यांनी कागदाची प्रत मागितली, चष्मा बदलून वाचली. दुसऱ्या पानावर बराच वेळ थांबल्या.

"हे वकिलांनी वाचलं होतं?"

"सही केली त्यांनी."

"वाचलं होतं का, सिंधू?"

मी म्हटलं, वाचलंच असेल. त्यांनी प्रत घडी करून परत दिली. चहा करायला उठल्या आणि चहा न करताच परत आल्या. म्हणाल्या, "‘चार्ज’ची कार्डं मी करीन. तू ‘चॉइस’पासून पुढे घे." मला बरं वाटलं. ‘चार्ज’ मोठा शब्द आहे, माझं लक्ष लागलं नसतं. बाईंना माणसाच्या मनाचं फार कळतं.

२७ डिसेंबर, रविवार

जेलमध्ये मुलाकात. जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे माय. आजूबाजूला वीस माणसं ओरडून बोलत होती, मायला ते सोपं जात नाही. तिने विचारलं, "नीला घरी आली का?"

"आली."

"पोट्टं पितं का तिचं?"

"पितं."

मग तिने तोंड जाळीजवळ आणलं. "नीलाले काही विचारू नको. त्या दिवसाचं काहीच विचारू नको. आयकलं?"

मी म्हटलं, कशाला विचारू? तिने तुझा हात सोडला म्हणून मी तिच्यावर रागावलेली नाही. मायने जाळीजवळचं तोंड मागे घेतलं. तिच्या मनगटाची सूज उतरली आहे, पण त्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. म्हणाली, "विडी वळता येन का, काय मालूम."

३० डिसेंबर, बुधवार

नीला रोज संध्याकाळी भाकर आणून देते. उंबऱ्यावर ठेवते आणि माझ्या डोळ्याला डोळा न देता जाते. आज मी तिला बसवलं. ती रडायलाच लागली. "ताई, तुळसामायच्या हातावर लाठी बसली. हाड वाजलं ते म्या आयकलं. मंग मले काहीच सुचलं नाही, माह्या हातानं काय केलं तेही समजलं नाही."

मी म्हटलं, सुचणार कसं, तू स्वतः पोरसवदा आहेस. तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती आणखीच रडली. तेवढ्यात कांताबाई आली आणि तिला दंडाला धरून घेऊन गेली. जाताना म्हणाली, "ही काहीबाही बोलते, मनावर नको घेऊ." बिचारीला सासूही धड रडू देत नाही.

११ जानेवारी १९७१, सोमवार

मारोतराव म्हणतात, चार्जशीट आलं. आता कोर्ट चार्ज फ्रेम करेल, म्हणजे आरोप ठरवून वाचून दाखवेल. मायला पुन्हा जामिनासाठी वरच्या कोर्टात जायचं का विचारलं. म्हणाले, तोवर इथलंच होऊन जाईल.

बाईंना ताप आहे. मी एकटीच काम करून आले.

१२ जानेवारी, मंगळवार

हे कसं लिहू?

बाई झोपल्या होत्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं की ‘सी’च्या डब्यातली सगळी कार्डं यादीशी ताडून पाहा, क्रम चुकला असेल. मी ‘केस’पासून निघाले. ‘चेंज’च्या मागे ‘चार्ज’चा गठ्ठा, बाईंच्या अक्षरात. टेक चार्ज, कार्यभार घेणे. हँड ओव्हर चार्ज, कार्यभार सोपवणे. फ्री ऑफ चार्ज, विनामूल्य. ब्रिंग अ चार्ज, आरोप करणे. फॉल्स चार्ज, खोटा आरोप. मग लाठीचार्ज, आणि खाली ‘हा फक्त आपल्याकडे’. सातव्या कार्डावर दोनच ओळी होत्या.

‘इन चार्ज ऑफ: जो सांभाळतो तो, प्रमुख. दाई इज इन चार्ज ऑफ बाळ.’

‘इन द चार्ज ऑफ: ज्याला सांभाळलं जातं तो, स्वाधीन. बाळ इज इन द चार्ज ऑफ दाई.’

उदाहरण बाईंनी मुलांना कळावं म्हणून अर्धं मराठीत लिहिलं होतं. मी ते दहादा वाचलं असेल. मग पिशवीतली प्रत काढली. तिथे ‘द’ नव्हता. मी लिहिलं होतं की माझी आई त्या बायकांची प्रमुख होती. सरकारी वकिलाने काहीच उलटं फिरवलं नव्हतं. त्याने जे लिहिलं होतं ते वाचलं.

कार्डाच्या कोपऱ्यात बाई तारीख घालतात. १९ डिसेंबर होती.

बाई उठून दारात उभ्या होत्या, शाल गुंडाळून. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला सांगितलं नाही."

"सांगून काय झालं असतं, सिंधू? जामीन आदल्याच दिवशी नाकारला गेला होता."

"पण मला सांगायला हवं होतं."

त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं हे शिकवलं. तुझ्या वर्गालाही शिकवलं असणार. तुला कधी नीट शिकवलं नाही असं वाटलं, म्हणून तोंड उघडलं नाही." त्यांना ताप होता. मला त्यांच्यावर चिडताही आलं नाही.

१३ जानेवारी, बुधवार

बाई तापातच रिक्षाने माझ्याबरोबर मारोतरावांकडे आल्या. त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं, कार्डही दाखवलं. मारोतरावांनी डोक्याला हात लावला. "बाईसाहेब, म्या दुसरं पान वाचलंच नव्हतं. खोटं काहून बोलू? त्या दिवशी सात केसा होत्या." दुरुस्तीचा अर्ज करू म्हणाले. हा अर्ज बाईंनी स्वतः लिहिला. मी हातही लावला नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार

दुरुस्तीचा अर्ज सुनावणीला आला. सरकारी वकील उद्धट माणूस नाही. शांतपणे म्हणाले, "दोन पानं इतक्या शुद्ध इंग्रजीत आणि चूक एकच, तीही नेमकी इथेच?" साहेबांनी बाईंना विचारलं, तुम्ही कोण? बाईंनी सांगितलं. साहेब म्हणाले, तुमच्या विद्वत्तेबद्दल आदर आहे, पण मूळ कागदावर अंगठा आरोपीचा आहे आणि सही तिच्या वकिलाची. जे काय ते खटल्यात बघू.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "व्याकरणाची साक्ष चालत नाही." आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

२४ जानेवारी, रविवार

मुलाकातीला गेले, सांगायचंच असं ठरवून. माय आज खुशीत होती. तिच्या बराकीतल्या एका बाईने तिचे केस विंचरून दिले होते. मी काहीच सांगितलं नाही.

तिनेच विचारलं, "ते वकील लोक म्हणते का, का म्या पुढारी होती?"

"हो. पण तसं नाही माय, ते चुकून..."

"मंग पुढाऱ्यालेच शिक्षा होईन, बाकीच्याईले नाही?"

मी म्हटलं, मारोतराव म्हणतात तसं होऊ शकतं. पण तू घाबरू नको, आपण तसं होऊ देणार नाही. तिने दोनदा विचारलं, "बाकीच्याईले नाही ना?" तिला सारखी त्यांचीच काळजी. स्वतःचं काय होईल ते तिच्या लक्षातच येत नाही.

६ फेब्रुवारी, शनिवार

आठ दिवस काम केलं नाही. शब्द वाचले की भीती वाटते. दुकानाची पाटी वाचतानासुद्धा थांबते, यात काही राहिलं तर नाही ना. बाई रोज निरोप पाठवतात. गेले नाही.

गल्लीत एकीने तोंडावर म्हटलं, "एवढी शिकून मायलेच अटकवलं." कांताबाई तिच्या अंगावर धावून गेली. मला वाटलं, जाऊ दे, खरंच तर आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज निकालच लागला.

आरोप वाचायचे होते. बाराही जणी रांगेत, नीला कडेला, पोर खांद्यावर घेऊन. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मारोतरावांनी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, ‘गुन्हा कबूल नाही’ एवढंच म्हणायचं. मी मायला वेगळं, तीनदा सांगितलं होतं.

पहिलं नाव मायचं. साहेबांनी मराठीतच विचारलं, "तुळसाबाई, या बायकांना तुम्ही जमवून आणलं, त्यांच्या पुढारी तुम्ही होत्या, असा आरोप आहे. कबूल आहे?"

माय म्हणाली, "हो साहेब."

मारोतराव उठले. साहेबांनी हाताने थांबवलं. "समजून बोला."

"समजूनच बोलून राहिली साहेब. म्याच नेलं त्याईले. कांताबाई नको म्हणे. ही नीला तं येतच नव्हती, अंगावरचं पोट्टं सोडून कशी येईन? म्या हट्टानं आणली. पुढं व्हा, म्याच म्हटलं. दगड कोनं मारला ते मले दिसलं नाही, माह्या डोयात मोतीबिंदू हाय. पण आनल्या म्या. त्याईले सोडा."

मी ओरडले की हे खरं नाही, तिला दोघींनी हात धरून नेलं होतं, मीच तिला त्यांच्या हवाली केलं होतं. शिपायाने बाहेर काढलं. दारातून पाहिलं तर नीला खाली बसून हमसून रडत होती आणि कांताबाईने तिचं तोंड पदराने दाबून धरलं होतं. बाई नीलाकडे बघत होत्या, मग मायकडे. मग त्यांनी चष्मा काढला.

मायला तीन महिने साधी कैद. बाकीच्यांना समज देऊन सोडलं.

मारोतराव म्हणाले, तिने ‘नाही’ म्हटलं असतं तर कदाचित सुटली असती, मी वाक्याचं काहीतरी केलं असतं. पण ती का म्हणाली असं? मला वाटतं महिनाभर सगळ्यांकडून ‘पुढारी, पुढारी’ ऐकून तिलाच ते खरं वाटू लागलं. म्हातारं माणूस आहे. मी एक वाक्य लिहिलं आणि ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं. बाईंना असं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "तुझी आई तुला वाटते तशी नाही, सिंधू." मी विचारलं, म्हणजे कशी? त्यांनी रिक्षाला हात केला.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

नीला आली होती. दारातच उभी राहिली. म्हणाली, "ताई, मले तुमाले काही सांगाचं हाय."

मी म्हटलं, "मायने मला सांगून ठेवलं आहे, तुला काही विचारायचं नाही. तू आत ये, बस." तिने मागे वळून कांताबाईच्या दाराकडे पाहिलं. मग आत आली, मायचं सूप आणि कात्री घेतली आणि माझ्या घरात बसून विड्या वळू लागली. माय येईपर्यंत तिच्या वाट्याच्या विड्या मी वळीन म्हणाली, नाहीतर सट्टेदार तुळसामायचं नाव काढून टाकेल. चांगली पोरगी आहे.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा कामाला गेले. बाईंनी डबा माझ्याकडे सरकवला. ‘कोर्ट’ होता. सतरा जोड्या झाल्या. प्रत्येक कार्ड दोनदा वाचून घेतलं. बाई म्हणाल्या, पुस्तकावर तुझंही नाव घालायचं आहे. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग माझंही नको."

२८ फेब्रुवारी, रविवार

आज मायला सांगितलं.

मुलाकातीला गर्दी कमी होती, ओरडावं लागलं नाही. मी म्हटलं, माय, तू इथे आहेस ते माझ्यामुळे. मी कागदात एक शब्द लिहायचा विसरले. तो असता तर वाचणाऱ्याला कळलं असतं की त्या बायका तुला सांभाळत होत्या. तो राहिला म्हणून उलटं झालं, तूच त्यांना सांभाळत होतीस असं झालं.

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "एवढा मोठा शब्द होता तं राहिला कसा?"

"मोठा नाही. एका अक्षराचा आहे. ‘द’."

"द?"

"हो."

"त्याचा अर्थ काय होते?"

मी खूप विचार केला. बाईंनी वर्गात काय सांगितलं होतं ते आठवून पाहिलं. बी.ए.ला त्यावर वीस मार्कांचा प्रश्न होता. शेवटी म्हटलं, "अर्थ नाही माय त्याला. मराठीत तसा शब्दच नाही."

माय जाळीला कपाळ टेकून उभी होती. म्हणाली, "अर्थच नाही त्या शब्दाले, तं रडून काहून राहिली वं? जे लिहिलं ते बरोबरच लिहिलं तू. त्याईले म्याच सांभाळत होती."

"नाही माय. त्या तुला सांभाळत होत्या."

"तू तिथं होती का?"

तिने जाळीतून दोन बोटं बाहेर काढली, जी वळतात ती, आणि माझा गाल शोधत राहिली. गाल थोडा डावीकडे होता. मी सरकून तिच्या बोटांखाली आणला. तेवढ्यात पहारेकरणीने तिचं नाव पुकारलं आणि माय मागे वळली.

माझ्या पाठीमागे एक बाई डबा घेऊन थांबली होती. तिने मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. तिची बहीण येत होती.